रोडगे अन् बटन

माझी पोरगी सोनल वर्ध्यात घरीच बसून कंपनीचं काम करते. वेबसाइट बरोबर चालते का, ते कॉम्प्युटरकडूनच तपासून घेते. एक दिवस रडकुंडीले आली.

"आई, संध्याकाळी काम नाई दिलं तं नोकरी जाते. कॉम्प्युटरले दहा सेकंद थांबवलं तं वेबसाइटवर दाबाचं बटन येतच नाई, अन् साठ थांबवलं तं संध्याकाळपर्यंत हजार तपासण्या संपत नाईत!"

मी निखाऱ्यातले कणकेचे रोडगे उलटवत होते. म्हटलं, "सेकंद काऊन मोजून राह्यली वो? मी रोडगा घड्याळ पाहून काढते का? दाबून पाहते, भाजला की काढते. त्याले सांग, बटन दिसलं की दाबजो."

तिनं तसंच केलं. दुपारीच काम आटपलं. लगेच साहेबाचा फोन, "इतक्या लवकर? बटन यायची वाट न पाहताच तपासलं वाटतं."

फोन मीच हिसकला. "साहेब, काम लवकर झालं तं पोरीले शाबासकी देतात, उलटतपासणी नाई घेत!"

त्यानं लगेच शाबासकी दिली.