बूच कोणाच्या खिशात

(लेक सुपीरियरच्या उत्तरेकडचं एक गाव. रविवारची दुपार. निस्कानेन नवरा-बायको पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातून नुकते घरी परतलेत. सहा फुगीर चाकांची पिवळी गाडी अजून ट्रेलरवरच आहे आणि तिच्या पोटातून पाणी गळतंय.)

तायमी: मग टोपी काढून मान कशाला झुकवलीस?

रेइनो: टाळ्या वाजत होत्या गं. एवढ्या टाळ्या वाजल्या की माणसाची मान आपोआप...

तायमी: आपोआप काही होत नाही. ती मागची सीट काढून दे इकडे, आत पाणी आहे. अरे, ओढू नकोस. आधी खालचे खटके सोड. दोन आहेत. दुसरा उजवीकडे. बघ म्हणजे झालं. चार वर्षं ही गाडी आपल्या गराजमध्ये आहे, तुला तिची सीट काढता येत नाही, आणि यंदाची सगळ्यात सुरेख जुनी गाडी कोणी उभी केली, तर म्हणे रेइनो निस्कानेनने.

रेइनो: क्लबाचा काहीतरी घोटाळा झाला असेल. परीक्षण करणाऱ्या काउकोला आता नीट दिसत नाही.

तायमी: ज्याला दिसत नाही तो माणूस गाडीखाली झोपून बाराच्या बारा बेअरिंग टॉर्च लावून बघत होता. मी बघितलंय.

रेइनो: पण तू तरी बोलायचंस ना तेव्हा. गप्प उभी राहिलीस.

तायमी: तू बोलशील म्हणून गप्प राहिले. कर्ण्यावर तुझं नाव घेतलं, मला वाटलं आता हा हसेल आणि म्हणेल, अहो, चुकलात, गाडी माझ्या बायकोने केलीय. मी हातसुद्धा पुसून ठेवले होते. आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून निघालास तो सरळ बक्षीस घ्यायला.

रेइनो: सगळ्यांसमोर काउकोला खोटं पाडायचं म्हणजे...

तायमी: त्याला खोटं पाडायची तुला लाज वाटली. मला पाडताना नाही वाटली.

रेइनो: तसं नाही गं.

तायमी: मग कसं? आणि सकाळी तो डुलुथचा उंच परीक्षक आला, त्याने इतक्या अदबीने विचारलं की गाडीच्या खालच्या प्लास्टिकच्या टबाला पडलेली चीर तुम्ही कशी बुजवलीत. काय सांगितलंस त्याला?

रेइनो: फायबरग्लास.

तायमी: फायबरग्लास.

रेइनो: सगळे तेच तर लावतात.

तायमी: सगळे लावतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सगळ्यांचं पापुद्र्यासारखं सुटून येतं. या प्लास्टिकला ते धरतच नाही. आधीच्या मालकाने तेच करून ठेवलं होतं, म्हणून तर ही गाडी अठरा वर्षं त्याच्या खुराड्यामागे पडून होती. ते सगळं खरवडून काढण्यात माझा अख्खा नोव्हेंबर गेला. मग आपल्या ओन्नीचे लहानपणचे पिवळे ठोकळे काढले, तेही याच जातीचं प्लास्टिक, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले, त्याचा खिरीसारखा लगदा केला आणि थरावर थर देत चीर भरली. दोनशे ठोकळे गेले. रंगाला रंग मिळाला, बोट फिरवलं तरी जोड लागत नाही. तू तेव्हा दारात उभा राहून काय म्हणालास, आठवतं?

रेइनो: वास फार येतो म्हणालो.

तायमी: वास फार येतो. चार हिवाळ्यांत या गाडीबद्दल तू काढलेलं ते एकमेव वाक्य. आणि आज त्या माणसाला माझ्या कामाला फायबरग्लास म्हणून सांगतोस. त्याचा चेहरा बघितलास का? हसू दाबत होता तो. त्याला वाटलं असेल, वरून रंग फासलाय आणि आत सगळा आनंद आहे.

रेइनो: बक्षीस तर मिळालं ना तरीही.

तायमी: रेइनो, मी आत्ता पाना धरलाय हातात. जरा बेताने बोल.

रेइनो: मी चेष्टेने म्हटलं.

तायमी: आज चेष्टा पुरे झाली. तळ्यावर झाली तेवढी खूप झाली. मला एक सांग, गेली सहा वर्षं तू या मेळाव्याला येतोस. पाण्यात उतरायच्या आधी लोक काठावर काय करतात, ते तू एकदाही बघितलं नाहीस?

रेइनो: थांबतात. काहीतरी हात वर करतात.

तायमी: काहीतरी हात वर करतात. बूच दाखवतात, रेइनो. गाडी ट्रेलरवर असली की टबाच्या बुडाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही. आणि ते बूच, ज्याने गाडी बांधली त्याच्या खिशात. काठावर येऊन ते सगळ्यांना दाखवायचं, वाकून बसवायचं, मगच गाडी पाण्यात घालायची. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

रेइनो: मला वाटलं ते बसवलेलंच असेल.

तायमी: कोणी बसवलेलं? ते माझ्या खिशात होतं. तू बक्षीस घेऊन गाडीत बसलास, चालवायचे दोन्ही दांडे पुढे रेटलेस, लोकांना हात दाखवलास आणि बुडाला भोक ठेवून माझी गाडी थेट तळ्यात घातलीस.

रेइनो: तू तेव्हा तरी ओरडायचंस.

तायमी: सांगू का खरं? मी दहा आकडे मोजेपर्यंत ओरडले नाही. म्हटलं बुडू दे. सगळ्या गावासमोर मधोमध बुडू दे, मग कळेल सगळ्यांना हा केवढा कारागीर आहे. पण मग मागचं टोक खाली जायला लागलं. त्याच टोकाला इंजिन आहे. ते मी किती वेळा उघडून लावलंय, तुला माहीत नाही. मलाच राहवलं नाही. शिरले बुटांसकट कमरेपर्यंत पाण्यात, आणि खाली चाचपून बसवलं बूच.

रेइनो: बरं झालं गं. नाहीतर...

तायमी: आणि काठावरून कोण काय म्हणालं ते ऐकलंस ना?

रेइनो: कोणीतरी म्हणालं, बायको असावी तर अशी.

तायमी: त्यावर लोक हसले. आणि तू गाडीत बसून त्यांच्याबरोबर हसलास. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, एवढ्या गार पाण्यात उभी असूनही.

रेइनो: चुकलं माझं. हसायला नको होतं.

तायमी: फोन आण तुझा. काउकोला लाव. विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी तो उद्या सकाळी कोरायला पाठवणार आहे. क्लबाच्या हॉलमधल्या फळीवर एकदा नाव ठोकलं की मी मेल्यावरही तेच राहील. आत्ताच त्याची चूक सुधारून घेऊ.

रेइनो: आत्ता तो जेवत असेल.

तायमी: दुपारचे साडेतीन वाजलेत.

रेइनो: मग झोपला असेल. सकाळी करू ना.

तायमी: रेइनो, माझ्याकडे बघ.

रेइनो: बघतोय की.

तायमी: मार्चमध्ये मी मेळाव्याचा अर्ज भरला होता. तुझ्याकडे टपालात टाकायला दिला होता. टाकलास ना तो?

रेइनो: टाकला.

तायमी: तोच टाकलास?

रेइनो: त्यावर कॉफी सांडली माझ्या हातून. मग मी दुसरा घेतला. तो मी भरला.

तायमी: नाव काय लिहिलंस?

रेइनो: तायमी, ऐक तरी. कारखाना बंद होऊन मी घरी बसलो, त्यानंतरची गोष्ट. रोज सकाळी दुकानात कॉफीला आम्ही सगळे. आर्वो बोट बांधत होता, एस्कोचं घराचं काम चाललेलं. मला विचारलं, तुझं काय चाललंय. माझ्या तोंडून निघून गेलं, सहाचाकी उभी करतोय. एकदा बोललो ते बोललो. मग रोज विचारायला लागले, कुठवर आलं. मी घरी येऊन तुझ्याकडे बघायचो आणि दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन सांगायचो.

तायमी: म्हणजे तू दारात उभा राहायचास ते यासाठी.

रेइनो: हो.

तायमी: मला वाटायचं, याला माझ्याजवळ बसावंसं वाटतंय.

रेइनो: तेही वाटायचं.

तायमी: ते आता सांगू नकोस. सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवली. उणे तीसमध्ये रस्त्यात बंद पडली की स्वतः बॉनेट उघडून चालू करायचे, तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मलाही त्या नको होत्या. हे पहिलंच काम होतं जे मी कोणाच्या पोटासाठी नाही, कोणाला पोहोचवायला नाही, माझ्या हौसेखातर केलं. तेवढंच एक होतं. ते तू दुकानात नेऊन कॉफीबरोबर वाटलंस. अरे, तुला करायचं होतं तर म्हणायचंस. दुसरा स्टूल होता गराजमध्ये. मी शिकवलं असतं.

रेइनो: बायकोकडून शिकतोय असं मी त्यांना कसं सांगणार?

तायमी: लाव फोन. आणि आवाज मोठा ठेव, मला ऐकायचंय.

रेइनो: लावतो. वाजतोय... काउको? मी रेइनो.

काउको: या या, विजेते. पट्टी बाजूलाच काढून ठेवलीय. उद्या सकाळी कोरायला थंडर बेला जाते.

रेइनो: थांबव ती. नाव बदलायचंय. गाडी मी नाही केली, तायमीने केली. मी गाडीला हातही लावलेला नाही. अर्जावर माझं नाव मीच लिहिलं.

काउको: हं.

रेइनो: ऐकलंस ना?

काउको: ऐकलं. म्हणजे बघ, ते आमच्या लक्षात आलंच होतं.

तायमी: काय लक्षात आलं होतं?

काउको: तायमी, तू पण आहेस होय फोनवर? म्हणजे बघ, परीक्षक आम्ही तिघं. गाडी बघितल्यावर त्याला दोन-तीन गोष्टी विचारल्या, तर तो म्हणाला फायबरग्लास. आम्ही एकमेकांकडे बघितलं. नंतर तळ्यात बूच तुझ्या खिशातून निघालं, मग तर काही शंकाच उरली नाही.

तायमी: फायबरग्लास म्हणाला तो सकाळी. बक्षीस दिलंत दुपारी.

काउको: हो, तसं.

तायमी: म्हणजे टाळ्या वाजवताना तुम्हा तिघांना माहीत होतं.

काउको: अगं, नियमाप्रमाणे अर्जावर असेल ते नाव. आणि तो खूशही फार दिसत होता. आम्ही म्हटलं, बक्षीस जातंय ते तुमच्याच घरी. घरातल्या घरात काय एवढं?

तायमी: काउको, बेअरिंगसाठी तुला फोन कोण करायचं?

काउको: तू.

तायमी: बेअरिंगची रबरी सीलं मिळत नव्हती, तेव्हा विनिपेगच्या दुकानाचा पत्ता कोणी मागितला?

काउको: तूच.

तायमी: आणि चार वर्षं दर वेळी फोन ठेवताना तू मला काय म्हणायचास?

काउको: काय म्हणायचो बरं?

तायमी: रेइनोला सांग, ग्रीस नीट भरायला. दर वेळी. मी म्हणायचे, सांगते. माझंही चुकलंच. पहिल्याच दिवशी तुझी खोड मोडायला हवी होती.

काउको: बरं बाई, चुकलो म्हणतो. आता त्याने स्वतः कबूल केलंय, तर बदलू आपण. उगाच राग धरू नकोस. कागद घेतो समोर. हं. असं लिहितो, मिसेस रेइनो निस्कानेन. फळीवर भारदस्त दिसेल.

रेइनो: काउको.

काउको: हं?

रेइनो: तिचं नाव तायमी आहे. चार वर्षं तू तिच्याशी फोनवर बोलतोयस.

काउको: अरे, पण फळीवर त्रेचाळीस नावं आहेत, आजवर एकही बाईचं...

रेइनो: तायमी निस्कानेन. माझं नाव त्या पट्टीवर कुठेही नको. आणि पट्टी तू पाठवू नकोस. सकाळी मी येऊन घेऊन जातो, आणि कोरून होईपर्यंत तिथेच थांबतो.

काउको: बघ बुवा. तुमचं तुम्ही काय ते ठरवा. आठनंतर ये मग.

रेइनो: येतो. ठेवतो आता... झालं.

तायमी: काय झालं?

रेइनो: नाही, म्हणजे, काउकोचं झालं. दुकानात सांगायचं राहिलंय अजून. आर्वोला, एस्कोला, सगळ्यांना.

तायमी: हो. राहिलंय.

रेइनो: परवा सकाळी जाईन म्हणतो. तू येशील बरोबर?

तायमी: खोटं सांगायला एकटाच गेला होतास ना?