सहाशे बारा अंगठे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त मुद्रितशोधक आणि त्यांची धाकटी बहीण बसली होती. तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, त्यांच्या हातात मोबाइल होता.

“दादा, सारखे काय उसासे टाकतोस?”

“परवा बातम्यांच्या साइटवर एका बातमीखाली मी बावीस ओळी लिहिल्या. दोन्ही पक्षांचं काय चुकलं, ते आकड्यांसकट. तीन अंगठे मिळाले.”

“त्यातला एक माझा.”

“आणि आमच्या साडूनं लिहिलं, ‘सगळे चोर, हाकलुन द्या.’ चारशे! वर ‘हाकलून’चा लू ऱ्हस्व काढलाय.”

“मिळेनात का! तुझं काय जातं?”

“पोटात दुखतं गं. तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या मी, आणि टाळ्या याला?”

“मग तूही लिही तसंच.”

“लिहिलं. काल, खोट्या नावानं. चारच शब्द, तेही शिवराळ.”

“अगंबाई! कुणाबद्दल?”

“ज्यांना जन्मभर मत दिलं, त्यांच्याबद्दल. त्या साइटवर त्यांना शिव्या दिल्या की जास्त अंगठे मिळतात.”

“किती मिळाले?”

“सहाशे बारा.”

“लाज नाही वाटत? आत्ताच्या आत्ता काढून टाक.”

“काढणारच होतो. तेवढ्यात साडूनं खाली लिहिलं, ‘वा! काय लिहिता हो तुम्ही!’ इतक्या वर्षांत माझ्या एका अक्षराला त्यानं कधी वा म्हटलं नव्हतं.”

“मग आता?”

“आता त्याला सांगू कसं, की तो मी आहे?”