चोवीस रोवण्या

माहं गाव कुरखेड्याच्या पल्याड, नाव सांगून काय फायदा, तुमी काही तिथी जानार नाई, चाळीस घरं, एक तलाव, अन् तलावाखाली सगळ्याइच्या धानाच्या बांध्या, म्हनजे बांध घातलेले वावरं. आमी दोघं भाऊ, मी शिवराम मोठा अन् महादू धाकटा. बापाच्या दोन बांध्या होत्या, त्यातच सारं. गावात चौथी पास मी एकटाच, म्हनून बाप म्हने हा पोट्टा सरकारात जाते, अन् गेलो बी. चोवीस वर्षाचा होतो तवा जंगल खात्यात नाकेदार झालो. कमरेले पितळी बिल्ल्याचा पट्टा, हातात शिक्क्याचा हातोडा. लाकूड मोजाचं, त्याच्यावर हातोडा ठोकाचा, मंग ती गाडी नाक्यातून पुढं जानार. हातोडा ज्याच्या हातात त्याले ठेकेदार बी भाऊ म्हनते, काय सांगू तुम्हाले.

कोनी इचारलं किती साल झाले नोकरीले, त मी साल नाई सांगत होतो, रोवण्या सांगत होतो. आमच्या झाडीपट्टीत असंच हाये. आखाडात पानी पडलं, चिखल झाला का धानाचे रोप उपटून बांधीत रोवाचे, त्या रोवणीवरून वर्ष मोजाचं. अन् आखाडात जंगलाचं काम त बंदच, नाले फुगते, गाडी चालत नाई, लाकूड कोन नेते? मंग रेंजर साहेब म्हने, इथी बसून माश्या मारता काय, जा रे, रोवणी करून या. आमी पट्टा अन् हातोडा त्याच्या कचेरीत ठेवाचा, गावाले जाचं, अन् पोळ्याच्या आधी परत. रेंजर बदलले, पन ही रीत नाई बदलली. धानाच्या गावचे जेवढे नाकेदार तेवढे सगळे जात होते. अन् एक सांगतो, त्या महिन्याचा पगार मी कधी घेतला नाई. काम नाई केलं त पैसा कायचा? मले वाटे, माह्यासारखा इमानदार मानूस सरकारले सापडाचा नाई.

माह्या बाजूच्या नाक्यावर लालसू होता. गोंड मानूस, माह्यापेक्षा वर्षभरानं लहान, अन् माह्यामांगंच वर्षभरानं लागलेला. त्याले मराठी कामापुरती, गाडी, पावती, हातोडा, एवढीच. मी मात्र त्याच्याजवळ बसून बसून गोंडी शिकलो, आता त मले सपनं बी गोंडीत पडते. लालसू बी रोवणीले जात होता. जाताना आमी संगंच पट्टे ठेवाचो, येताना संगंच उचलाचो.

अठ्ठेचाळीस वर्षाचा झालो तवा गावच्या मास्तरानं मले पेनशनीचा हिशोब मांडून दाखवला. मास्तर म्हने, शिवरामभाऊ, शेवटच्या तीन वर्षाचा पगार धरतेत, तुमचा तवर चाळीस रुपये होईल, त्या चाळीसचे ऐंशी भाग कराचे, एक भाग आला आठ आण्याचा, मंग जेवढे वर्ष नोकरी तेवढे आठ आणे, पन तीसच्या वर मोजत नाई. माही बायको भागी बाजूले मोहाच्या बिया, टोऱ्या, फोडत बसली होती, तिनं तीस टोऱ्या उचलल्या अन् जमिनीवर ओळीनं मांडल्या. दोन टोऱ्याचा एक रुपया. तीस टोऱ्याचे पंधरा रुपये. महिन्याच्या महिन्याले पंधरा रुपये, मरेपर्यंत, घरी बसून! भागीनं त्या टोऱ्या फोडल्या नाई, गाडग्यात टाकून शिंक्यावर ठेवून देल्या.

अन् इथीच मी मोठेपना केला. महादूले सहा लेकरं, मले एक पोरगी, ती बी सासरी. मी महादूले म्हनलं, माह्या वाट्याची बांधी तू घे, मले आता सरकार पोसते. भागी म्हने, कागद होऊ द्या, पेनशन हातात येऊ द्या, मंग द्या. मी तिच्यावरच डाफरलो, तुले काय समजते म्हनलं, सरकार काय पळून जाते? बांधी महादूच्या नावावर करून देली. बांधीच नाई त रोवणी कायची, तवापासून मी आखाडात नाक्यावरच राह्यलो. सात आखाड. पट्टा कमरेवरून उतरला नाई.

मंग पंचावन झाले, पट्टा अन् हातोडा कायमचा जमा केला, अन् चांद्याले कचेरीत गेलो. आमचा जिल्हा तेवढ्यात नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलता, साऱ्या पेट्या उघडून कागद नवीन लावणं चालू होतं. अन् आमच्या रेंजची पेटी उघडली त काय, उदईनं, वाळवीनं, सारं खाल्लं. नोकरीचं पुस्तक नाई, पगाराचे कागद नाई, नुसती माती. मी घाबरलो. पन तिथले हेडबाबू भले मानूस, म्हातारे, चष्मेवाले, म्हनले घाबरू नका नाकेदार, तुमचा जबाब घेऊ, त्यावरून नोकरी धरता येते. म्हनजे बापा, राह्यलं होतं ते फक्त माहं तोंड.

बाबू इचारे, मी सांगे. किती वर्षं नोकरी? मी म्हनलं, एकतीस, त्यातल्या चोवीस वर्षाच्या त मी घरच्या रोवण्या केल्या. बाबूची लेखणी थांबली. म्हने, रोवण्या म्हणजे? मी सांगितलं, छाती फुगवून सांगितलं, का आखाडात पट्टा ठेवून जात होतो, महिनाभर जात होतो, अन् त्या महिन्याचा एक पैसा नाई घेतला. म्हने, दरवर्षी? मी म्हनलं, हाव, दरवर्षी, गावात इचारून पाहा. रजेचा अर्ज? मले हासूच आलं, जंगलात कोनाले अर्ज देता, साहेबच म्हने जा. बाबूनं चष्मा काढला अन् हळूच म्हने, नाकेदार, नीट विचार करून सांगा, हे लिहू का मी? काय सांगू तुम्हाले, त्या मानसानं मले हात देल्ला होता, अन् मले तो हात दिसलाच नाई. मी म्हनलं, लिवा ना बाबू, खरं हाये ते, काऊन नाई लिवाचं? त्यानं लिवलं. मी झोकात सही केली, चौथी पास ना मी.

दोन महिन्यानं बोलावलं. बाबू म्हने, बसा. मी उभाच. म्हने, अर्जाशिवाय गेलात म्हणून दरवर्षी नोकरी तुटली, आणि तुटली की मागची सगळी जाते. शेवटची रोवणी केलीत, त्यानंतरची सात वर्षं तेवढी धरली, आणि दहाच्या आत पेनशन बसत नाही, सात महिन्यांचा पगार एकदाच मिळेल. मी म्हनलं, बाबू, मी पगार बी नाई घेतला. बाबू म्हने, तेच तर. मले ऐकू येऊन राह्यलं होतं पन समजून नाई राह्यलं होतं. ज्या सालाचा मी तोरा मिरवला त्याच सालाइनं मले खाल्लं! अन् वाचले कोनते, त बांधी देऊन टाकल्यावरचे. बांधी नसती देली त सात बी नसते राह्यले. कचेरीच्या पायरीवर मी किती वेळ बसलो, मले आठवत नाई, एका पानीवाल्या बाईनं इचारलं, बाबाजी, कोनी वारलं काय?

घरी सांगितलं त भागी रडली नाई, भांडली नाई. शिंक्यावरचं गाडगं काढलं, टोऱ्या ओतल्या, त्यातल्या सात मोजून बाजूले केल्या, बाकीच्या मुठीत घेऊन माह्याकडे पाहत राह्यली. मंग वरत अर्ज केला, बाबूनंच लिवून देल्ला, का या मानसाचे नोकरीतले खंड माफ करा. आठ महिन्यानं उत्तर आलं, नाई म्हनून. अजून बी कधी जेवता जेवता आठवते अन् घास हातातच राह्यते.

तेवढ्यात लालसूची पेनशनीची पारी आली. त्याचे बी कागद त्याच पेटीत माती झालेले. चांद्याले जाताना मी त्याले रस्ताभर समजावलं, रोवणीचं नाव काढू नोको. तो म्हने, काऊन? केली त हाये. लालसूले खोटं येतच नाई हो, त्याच्या बापाले बी येत नोहतं. बाबूनं इचारलं, याला मराठी येते का? मी म्हनलं, नाई साहेब, मी सांगतो त्याच्याकडून. बाबू म्हने, मधे कधी नाका सोडून गेला होता का? मी लालसूले गोंडीत इचारलं. अन् लालसूनं गोंडीत सारं सांगितलं, आखाड, पट्टा, रोवणी, माह्यासंगं जाणं, माह्यासंगं येणं, एक गोष्ट सोडली नाई, हात करून करून सांगितलं. बाबू त्याच्या हाताकडे पाहून राह्यले होते, रोप कसं रोवते ते हातच दाखवत होते. मंग माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं, हा म्हनते, एक दिस बी नाका सोडला नाई. जन्मात पयल्यांदा मी सरकारात खोटं बोललो. बाबूनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यावर ठेवला, अन् जसं मी म्हनलं तसंच लिवलं.

लालसूले पंधरा रुपये पेनशन लागली. आता आखाड आला का मी अन् भागी रोवणीले जातो, महादूच्याच बांधीत, मजुरीवर. महादू भला हाये, सांजेले धान मोजताना दोन पसे जास्तीच टाकते, पन मापाकडे पाहत नाई, अन् मी त्याच्याकडे पाहत नाई. आता रजा कोनाले मागाची नाई, जबाब कोनाले द्याचा नाई.

पेनशन घेतली का लालसू येते, भागीले गूळ आनते, ओसरीवर बसते अन् दर बारीले तेच इचारते. शिवराम, तू बी तेवढीच नोकरी केली, मी बी तेवढीच. तू जे बाबूले सांगितलं तेच मी सांगितलं. मंग मले देल्ले अन् तुले काऊन नाई? आता याले काय सांगू? मी म्हनतो, लालसू, तुह्या जबाबाले मी होतो ना, माह्या जबाबाले कोनी नोहतं. तो हासते, त्याले वाटते मी मस्करी करून राह्यलो. खाय बापा, शंभर वर्ष बसून खाय, तेवढे तरी पंधरा रुपये आपल्या नाक्यावर आले.