चारही चाकं ओढतात

ओमानमधल्या मत्रह शहरातल्या गॅरेजात वसुंधराबाई आपल्या जुन्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. समोर नवी गाडी वळणावर घसरली म्हणून गिऱ्हाईक महमूदभाई मेकॅनिक तानाजीवर उखडले होते.

“चारही चाकं ओढतात ना? मग वळणावर नाक बाहेर का गेलं?”

“वेगात घुसलात, भाई. ओढतात चार, वळतात पुढचीच दोन.”

“आणि शेपूट फिरलं ते?”

“तुम्ही घाबरून रेस सोडलीत.”

“म्हणजे घाबरल्यावर रेस द्यायची?”

“खलास! अहो, वळणाआधीच हळू व्हायचं.”

“हळूच जायचं तर चार चाकं कशाला?”

“वळणातून निघायला.”

सकाळीच लेकाला, साईला, असल्याच नव्या गाडीतून दूर सूर गावाला धाडताना वसुंधराबाई म्हणाल्या होत्या, “चारही चाकं ओढतात, बिनधास्त जा.”

त्यांनी फोन लावला आणि रिंग जाण्याआधीच कापला. दचकून त्याने रेस सोडली तर?

“तानाजी, सूरच्या वाटेवर वळणं किती रे?”