एका पोटच्या दोघी

१९९१चा उन्हाळा होता. अंबडच्या बसस्टँडवर शरयू जालन्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी एक म्हातारी आणि तिची विशीतली ठेंगणी लेक, बहिणीच्या लग्नाहून परतणाऱ्या, बसल्या होत्या. शरयूने पेपर उघडला, पण कान तिकडेच राहिले.

“माय, मांडवात समदे इचारून राह्यले, तू द्वारकीची धाकटी का म्हणून.”

“जुळ्या हायत म्हणून सांगायचं, मथुरे.”

“सांगितलं, तर हसले. तिचं लगीन झालं. मला मात्र बुटकी म्हणून पाहुणे माघारी जातेत.”

“तिनं बापाची उंची घेतली.”

“मंग माझा बाप दुसरा हाय का?”

“असं बोलू न्हाई. बहात्तरचा दुष्काळ होता. मी खडी फोडायला जायची. अंगावरचं दूध आटलं. तुझ्या आत्याकडं म्हशी व्हत्या, लेकरू नव्हतं. ती म्हणली, एक लेक मला दे.”

“अन् मी राह्यले, सरकारी सुकडी अन् मिलोच्या लाल जवारीच्या भाकरीवर.”

“व्हय.”

“तिलाच का दिलं? मी नावडती होते?”

“न्हाई गं. ती लई मरतुकडी होती. माझ्याजवळ जगलीच नसती.”

“अन् मी?”

“तू चांगली दांडगी. सुईण म्हणली होती, हीच बापावानी उंच व्हईल. मला वाटलं, हिला कायबी खाऊ घातलं तरी चालंल.”

शरयूने पेपरचं पान उलटलं नाही.

“ऊठ माय,” मथुरा पिशवी उचलत म्हणाली, “आष्टीची गाडी लागली.”