बाबांचा अमेरिकेचा अंदाज

तुम्ही हसान, पण आमच्या सानगडी गावात अमेरिकेच्या निवडणुकीचा अंदाज माझे बाबा सांगत. माझा भाऊ तिकडे नोकरीले आहे. एरवी तो फोनवर "जेवले का?" विचारून ठेवून द्यायचा. मग तिकडच्या एका पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दोघांत अटीतटीची लढत लागली. एकेका राज्यात मतदान सुरू झालं, अन् इकडे बापलेकांत जुंपली.

"चष्मेवाला जिंकते," बाबा म्हणत.

"नाही बाबा, दुसरा जिंकते."

प्रत्येक राज्याच्या निकालाले भावाचा फोन यायचा, अन् दोघं तासभर बोलत बसत.

शेवटी चष्मेवालाच जिंकला. भाऊ म्हणाला, "मानलं बाबा तुम्हाले. संपली लढत."

बाबा फोन कानाले लावूनच होते. मग हळूच म्हणाले, "एखादं राज्य तं बाकी असन ना रे?"