कबुतराच्या पाठीवरची टिकटिक

—नाही, आडवं नाही जायचं ते अँटेनाचं यंत्र दारातून, उभं धरा. हां, असं. गल्लीतल्या लोकांना वाटलं असेल बाई कपडे वाळत घालायचा स्टँड विकायला आल्यात. बसा. ती नको, ती खुर्ची हलते, ह्या खुर्चीवर बसा. आणि आवाज तेवढा कमी करता येतो का त्याचा? बंद नका करू, कमी करा. टिक टिक टिक, डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. आमचे हे घरी नाहीत. बाजारात गेलेत, छरे संपले म्हणून—स्क्रू. स्क्रू आणायला गेलेत. पंप दुरुस्तीचं काम म्हणजे रोज काहीतरी संपलेलंच असतं. तुम्ही चहा घ्या. बिस्किटं पण घ्या, मी नाही खाणार, त्यात मीठ असतं, मी मीठ सोडलंय. कशासाठी म्हणजे—असंच. माझे नेम पुष्कळ असतात हो. ह्यांची कबुतरं शर्यतीतून घरी यावीत म्हणून साखर सोडली होती, आली तेव्हा पुन्हा धरली. हे हसतात. म्हणतात, देवाला तुझ्या डब्यांचा हिशोब ठेवायला वेगळा माणूस नेमावा लागणार.

खिडकीशी कशाला उभ्या राहता, ऊन येतं तिथं. बसा ना—दिसलं का? दिसलंच. टाकीवर बसलंय ते. राखी, डाव्या बाजूला कललेलं, आणि पाठीवर ती बारीक तार. होय, कबुतरच आहे. तुमचं यंत्र बिघडलेलं नाही ताई. तुम्ही ससाण्याच्या मादीच्या मागावर आलात आणि आमच्या कबुतरापर्यंत पोचलात. सांगते. पाखरापुरतं सगळं सांगते, काही लपवत नाही, पाखरासाठी कायद्यात जी काय शिक्षा असेल ती आम्ही सोसू. आणि मग तुम्ही जा, हे यायच्या आत. चालेल ना?

तुमचे सर पहिल्यांदा आले तेव्हाही असंच दारात अडकलं होतं ते. कबुतरं पाळणाऱ्या सगळ्या गच्च्या बघत फिरत होते—कुठं किती पाखरं, कुठं ससाणा मारतो, किती मारतो, सर्वे की काय तो. बाकी कोणी दारात उभं केलं नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं कुत्रं सोडलं अंगावर. आमच्या ह्यांनी मात्र वर नेलं, कबुतरांची ढाबळ दाखवली, एकेक कबुतर हातात दिलं. आणि जमलं की दोघांचं. दोघंही पाखरांचे वेडे, एक मारणाऱ्यांचा आणि एक मरणाऱ्यांचा. त्या ससाण्याच्या मादीला सर बाईसाहेब म्हणायचे, तिच्या पाठीवर त्यांनीच यंत्र बांधलं होतं. 'वहिनी, बाईसाहेब आज कुठं जेवल्या?' असं विचारत जिना चढायचे. मी म्हणायची, आमच्याकडेच जेवल्या, आणि जाताना अर्धं ताट सांडून गेल्या. ह्यांच्या कानाला ते हेडफोन लावायचे, ऐका म्हणायचे, ही बंद कारखान्याच्या धुराड्यावर बसलीय, ही आत्ता उडाली. समजावून सांगायचे सगळं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं—पाखरू बराच वेळ हललंच नाही तर टिकटिक आपोआप जलद होते, म्हणजे समजायचं मेलं, मग शोधायला निघायचं. हे नीट ऐकून घ्यायचे. फार नीट ऐकलं ह्यांनी.

तुम्ही तिला मारताना बघितलंय का जवळून? मी बघितलंय. मी रोज वर कपडे वाळत घालते. आधी काही दिसत नाही, आधी कबुतरं गप्प होतात. मग वरून दगड पडावा तशी ती येते आणि फटका ऐकू येतो—ओलं धोतर दगडावर आपटल्यासारखा—आणि आभाळात नुसती पिसं. खाली कबुतर नाहीच, पिसंच. एकदा माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या बादलीत मुंडकं पडलं. डोळा उघडा होता त्याचा. मी ती बादली तशीच ठेवून खाली आले आणि जप करत बसले. देवा, तिला दुसरीकडे पोट भरायची बुद्धी दे म्हणून उपास धरला. सरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. 'वहिनी, तुमचा उपास फळला तर आमच्या बाईसाहेबांना उपास घडेल.' भला माणूस हो. फार भला माणूस.

मग मास्तरला मारलं तिनं. मास्तर म्हणजे ह्यांचं शर्यतीचं कबुतर. ह्यांनी त्याला चोचीत दाणा भरवून वाढवलेलं, आई मेली होती त्याची. लांबच्या शर्यतीतून परत आलं, गच्चीवर उतरायच्या बेतात होतं, पाय पण खाली सोडले होते—आणि ती आली. ह्यांच्या डोळ्यांसमोर. समोरच्या पत्र्यावर बसून खाल्लं तिनं, सावकाश, छाती उघडून, आधी पिसं उपटून. हे दगड मारत होते, पोचत नव्हते. ती मान वर करून ह्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा खाली घालायची. त्या दिवसापासून हे जेवायला बसले की ताटाकडे बघत राहायचे. मी ह्यांना वीस वर्षांत कधी हात उगारताना बघितलं नाही, ताई. खरंच नाही. झुरळ मारायचं तर मला हाक मारायचे.

तर ह्यांनी एका म्हाताऱ्या कबुतराला बंडी शिवली. चामड्याची. तिच्यावर मासे धरायच्या तंगुसाचे फासे, हे एवढे एवढे, अंगभर. पायाला दोरी बांधून टाकीशी सोडलं. ती आली, फटका मारला, आणि नख्या अडकल्या. मला वाटलं धरतील आणि लांब नेऊन सोडतील, म्हणून मी चादर घेऊन धावले. ह्यांच्या हातात पाईपाचा पाना होता. मी म्हटलं, सोडा हो, अहो सोडा—पंख पसरले होते तिनं, हा एवढा पंख, आणि तोंड उघडं, आवाज असा की अंगावर काटा येतो. पहिल्या घावात पंख मोडला. दुसरा छातीवर. ती मेली होती तरी हे थांबेनात. फरशीचा टवका उडाला. त्या म्हाताऱ्या कबुतराचाही चेंदा झाला, ते खालीच होतं ना तिच्या. ह्यांच्या चष्म्यावर रक्त उडालेलं, आणि हे रडत होते. मीच धुतली ती गच्ची. चादरीत मीच गुंडाळलं तिला. पिसांखाली इतकी गरम होती—असू दे.

मग ह्यांच्या लक्षात आलं, पाठीवर यंत्र आहे. ते पडून राहिलं की टिकटिक जलद होणार, सरांना कळणार. फोडायला पाना उचलला, पण एकदम बंद पडलं तरी सर येणारच विचारत. तेव्हा ह्यांनी डोकं चालवलं—पट्टे कापले, आखडून घेतले आणि दुसऱ्या कबुतराच्या पाठीवर बांधलं. हलतं राहायला पाहिजे ना, तर हलणाऱ्याच्या अंगावर बांधलं. मोठ्या खुशीत होते. म्हणाले, आता बसा म्हणावं ऐकत, बाईसाहेब फिरताहेत. सांगा बरं, काय चुकलं? तुम्हाला लगेच कळलं. ह्यांना नाही कळलं. पाळलेलं कबुतर घरी येतं, ह्यात कबुतरवाल्याला काय नवल? जन्मभर त्यासाठीच तर जीव टाकला. रोज संध्याकाळी यंत्र आमच्याच गच्चीवर परत येत होतं, आणि सर तिकडे विचार करत होते की धुराड्यावर दोन पिल्लं टाकून ही बाई रोज आमच्या गच्चीवर झोपायला का जाते.

कबुतर बघून हसले ते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, म्हणाले, वहिनी, तुमच्या ह्यांनी मला—

नाही. त्या दिवशी नाही आले ते. मी आधीचं सांगतेय, आधी कधीतरी, दुसऱ्या कशाला तरी हसले होते. चहा गार होतोय तुमचा. कशा आहेत त्यांच्या घरच्या? रोज बसतात ना इस्पितळात, मी ऐकलं. मोटरसायकलवरून पडले पुलाखाली, वाईट झालं. तो रस्ताच वाईट, खड्डे किती. आणि डोक्याला मागून लागलेलं जास्त वाईट म्हणतात, मागे नाजूक असतं—काय? मी म्हटलं मागून? कोणीतरी म्हणालं असेल. पेपरात आलं असेल. नाही आलं? मग शेजारणीनं... असं बघू नका ना माझ्याकडे. मला खोटं नाही बोलता येत, माझा तो सगळ्यात जुना नेम आहे, आणि आता बोलले तर जीभ अशी जड झाली की बघा.

हसले हो ते. मग हसणं थांबलं. म्हणाले, ती कुठाय? सरांनी फरशीचा टवका बघितला, ढाबळीच्या कोपऱ्यातली ती फाश्यांची बंडी बघितली आणि खाली बसले, गुडघ्यांवर. शिवी नाही दिली, आवाज नाही चढवला. एवढंच म्हणाले, 'पिल्लं उडायच्या बेतात आहेत वर. एकटा बाप पुरा पडायचा नाही. मला आता वनखात्याला सांगावं लागेल, तुमची ढाबळ जाईल, माझा इलाज नाही.' आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिन्याकडे वळले. ह्यांनी बोलावं की नाही? पाय धरावेत की नाही? पाना तिथंच होता. तोच फटका, ताई. आभाळात ऐकू यायचा तसाच. मी दोरीवरचा चिमटा काढत होते, तो हातातच राहिला. ते जिन्याच्या वळणापर्यंत गडगडत गेले. कबुतरं फडफडली, ढाबळीचं दार उघडं होतं, ते तारवालं बाहेर पडलं आणि तेव्हापासून टाकीवर बसतं, ढाबळीत येत नाही. घाबरलंय, पण घर सोडत नाही. तेच मारायला बंदुकीचे छरे आणायला गेलेत हे.

फोन होता माझ्या हातात. म्हटलं गाडी बोलवू, श्वास चाललाय अजून, बघा ना अहो, छाती हलतेय. फोन घेतला ह्यांनी, आणि मनगट पिरगाळलं माझं—हे काही नाही, उतरेल सूज. धाकट्या दिरांना बोलावलं. दोघांनी सरांना खाली नेलं, सरांचीच मोटरसायकल टेंपोत घातली आणि पुलाखाली टाकून आले. तेव्हा मी काय करत होते? बसले होते देवापुढं. ते डोळे उघडेपर्यंत मीठ नाही म्हणून सांगितलं देवाला. जिना पुसला आणि मीठ सोडलं. मला वाटलं, एवढ्यात देव ऐकेल, दोघांनाही वाचवेल, ते उठतील आणि त्यांना काही आठवणारही नाही. किती सोयीचं मागितलं मी. आता तुमच्याशी बोलता बोलता कळतंय, तिकडे डॉक्टर पुलावरून पडलेल्या माणसाला औषध देताहेत. पान्यानं फुटलेल्या डोक्याला नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही ना, कशानं लागलं ते. सांगितलं तर उपयोग होईल का हो? तुम्ही शिकलेल्या आहात. होईल? होईल म्हणता. मग माझं मीठ काय कामाचं.

बसू नका आता. उठा. पाईपाचा पाना, मागून, उजव्या कानाच्या वर, एकच फटका, आणि मग जिना—असंच सांगा, याच शब्दांत. माझं नाव घ्या. पोलिसांना घेऊन या, मी हेच पुन्हा बोलेन, मला पाठ झालंय. ते वाचतील. माझ्या मनाला कधी खोटी आशा वाटत नाही ताई, ते वाचतील, तुम्ही फक्त लवकर—

ही ह्यांचीच पावलं. नाही, मागं दार नाही आम्हाला. यंत्र राहू द्या, अडकेल ते, तसंच टाका. माझ्या मागं उभ्या राहा.

आलात का? ह्या ताई, सरांच्या ऑफिसातल्या. सांगितलं मी. होय, सगळं सांगितलं. अहो, दारातून बाजूला व्हा. नाही, त्यांच्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा. ती पिशवी ठेवा खाली. तो पाना पण. वीस वर्षं तुमचं सगळं परत यावं म्हणून काय काय सोडत आले मी, आता ह्या ताईंना जाऊ द्या एवढंच मागते. नाही ठेवत? बरं. मग आधी मी आहे इथं.

जा तुम्ही ताई, माझ्या डाव्या बाजूनं. धावू नका, जिना अरुंद आहे. जा.